पाळण्यावरची पाहुणी

लेक पहिल्या बाळंतपणाला वाशीमला आमच्याकडे आली होती. नात अकरा दिवसांची. दुसऱ्या दिवशी बारसं, म्हणून घर पाहुण्यांनी भरलेलं. दिवेलागणीला मालिशवाल्या मावशी ओवा-बाळंतशेपाची धुरी देऊन हात धूत होत्या, तेवढ्यात आतून लेकीचा दबका आवाज आला, "बाबा, लवकर या. पण आवाज करू नका."

पाळण्याच्या वर हातभर अंतरावर भिंतीला एक कोळी चिकटून बसला होता. जळमटात लोंबणारा काडीपायांचा नव्हे. पाय पसरलेला माझ्या तळहाताएवढा. बहुधा धुरीच्या धुरानं तो फडताळामागून बाहेर आला असावा.

"अवो भाऊ, पाह्यता काय? हाना न चप्पल!" मावशी म्हणाल्या. "आंगावर मुतला त लेकराले फोडं येतीन."

धाकटा भाऊ तोवर झुरळांच्या औषधाचा फवारा घेऊन आला. तो मी आधी काढून घेतला. अकरा दिवसांच्या बाळाच्या बंद खोलीत तो मारायचा म्हणजे कोळी बरा म्हणायची पाळी. शिवाय फवारलेला कोळी तडफडत पडणार कुठे? पाळण्यातच. चपलेचंही तेच. हा प्राणी वाकडा धावतो आणि विजेसारखा धावतो. नेम चुकला की संपलं. मी लेकीला बाळ उचलून ओसरीवर जायला सांगितलं. बाळ खोलीबाहेर गेलं आणि निम्मी घाई संपली. मग विजेरी घेऊन मी नीट बघत बसलो.

चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. अंग चपटं, जणू कुणी बोटानं दाबलेलं. पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले. डोळ्यांखाली फिकट पट्टी, थेट मिशीसारखी. भिंतीवर जाळं नाही. ओळख पटली. हा घरातला शिकारी कोळी. लिनियसनं 1767 मध्येच याची नोंद केली आणि नाव दिलं 'व्हेनेटोरिया', म्हणजे शिकारीण. जहाजांतून, केळीच्या घडांतून हा जगभरच्या उष्ण मुलखांत पोचला आणि घराघरांतून झुरळं खात राहिला. जाळं विणत नाही, दबा धरून झडप घालतो. आपल्याकडच्या कोळ्यांविषयी वाचायचं असेल, तर बी. के. टिकादारांचं 1987 चं इंग्रजी पुस्तक अजूनही पहिलं हाती घ्यावं.

लोकांना भीती असते ती टॅरँटुलाची. तो जाडजूड, केसाळ, जड चालीचा. आपल्याकडचे बरेचसे बिळात राहतात, आणि त्यांचा चावा चांगलाच त्रास देतो. आमच्या भिंतीवरची ही चपटी बाई वेगळी. तिला हातात दाबलं तर चावेल, दुखेल, सुजेल. निरोगी मोठ्या माणसाच्या जिवावर बेतत नाही. तान्ह्याजवळ तिला राहू द्यावं असं मात्र मीही म्हणणार नाही.

आणि 'मुतण्या'चं म्हणाल, तर आपण ज्या फोडांचा दोष कोळ्याला देतो, ते पुष्कळदा पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या केशरी-काळ्या, मुंगीसारख्या लांबट किड्याचे असतात. तो अंगावर चिरडला की त्याच्या विषारी रसानं दुसऱ्या दिवशी कातडी भाजल्यासारखी होते. काही वेळा ती नागीण असते; तिचं कारण कांजिण्यांचाच विषाणू. कोळी बिचारा जवळपास सापडतो एवढंच.

विजेरी जरा खाली नेली आणि मी थबकलो. पोटाखाली तिनं रुपयाच्या नाण्यासारखी एक पांढरी चकती धरली होती. अंड्यांची पिशवी. आत शंभराहून जास्त जीव. पिल्लं निघेपर्यंत ही मादी ती चकती खाली ठेवत नाही, घेऊनच हिंडते. या काळात ती चावरीही असते.

मावशींना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "म्हंजे हे बी दोन जिवाची हाये म्हना!"

पुढचं काम सोपं. लोणच्याची रिकामी, रुंद तोंडाची पारदर्शक बरणी घेतली. ती सावकाश भिंतीकडे नेऊन अंगावर पालथी घातली, कडेखाली एकही पाय येऊ न देता. यांचे पाय पटकन तुटतात. मग भिंत आणि बरणी यांच्यामध्ये एक जाड लग्नपत्रिका सरकवली. लग्नपत्रिकेचा एवढा चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही. माझे हात थरथरत होते, ते भावानं पाहिलं. नंतर आठवडाभर चिडवत होता.

सोडायची कुठे? भर अंगणात सोडली तर सकाळी कोंबड्या टिपतील. आपल्याच जिल्ह्यात काळविटांसाठी कारंजा-सोहोळचं अभयारण्य आहे. हिच्यासाठी परसातली लाकडांची कोठी. मी तिकडे निघालो तशा मावशी कंदील घेऊन मागे आल्या. "दाराजवळ नका सोडू भाऊ. आतमंदी सोडा, तिले ऊब लागन."

सरपणाच्या ढिगाशी बरणी आडवी ठेवून पत्रिका काढली. ती लगेच निघाली नाही. दोन मिनिटांनी एकेक पाय बाहेर टाकत, चकती सांभाळत, कोठीच्या भिंतीवर चढली आणि फटीत दिसेनाशी झाली.

बारशाच्या दिवशी मावशी आल्या त्या सरळ परसात गेल्या. पाळण्यात बाळ घातलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. पंगतीला बसताना त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "हाये तिथंच. पाह्यलं म्या."