मुदत वाढवून देणारं यंत्र

नागपूरजवळच्या हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग सुरू होतो तो थेट मुंबईच्या वेशीवर, आमण्याला संपतो. अंतर ७०१ किलोमीटर. ताशी १२० च्या वेगाने कुठेही न थांबता गेलं, तरी जवळपास सहा तास लागणारच. शरीरातून काढलेलं हृदय बर्फाच्या पेटीत टिकतं साधारण चार तास. म्हणजे डिगडोह-वानाडोंगरीकडच्या एखाद्या रुग्णालयात कुणा मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांनी होकार दिला आणि हृदय मुंबईला द्यायचं ठरलं, तर एवढा देखणा रस्ता दाराशी असूनही ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे वाहतूक थांबवून मोकळा ठेवलेला रस्ता, काढावा लागतो तो विमानतळाकडेच.

या चार तासांची बातमी होते, मिनिटामिनिटाचा हिशेब छापून येतो. पण ज्याच्यासाठी ते हृदय निघालं, तो तोवर कशावर जगत असतो? औषधांनी भागलं तर ठीक. नाही भागलं, तर अनेकदा एक्मोवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेर करणाऱ्या यंत्रावर.

एक्मो हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो वाईट बातम्यांतून. डिसेंबर २०१६ मध्ये जयललिता, सप्टेंबर २०२० मध्ये एस. पी. बालसुब्रमण्यम. त्यामुळे ‘एक्मो लावलंय’ म्हटलं की नातेवाईक मनातून खचतात. यंत्राच्या वाट्याला आलेली ही बदनामी थोडी अन्यायाचीच आहे. सगळे उपाय थकल्यावर ज्याला बोलावतात, त्याच्या नावावर मृत्यूही जास्तच लागणार.

प्रत्यक्षात पाहिलं तर यंत्र फारसं मोठं नाही. खाटेशेजारी चाकांची ट्रॉली, तिच्यावर पंप आणि ऑक्सिजनेटर. मांडीच्या मोठ्या शिरेतून बोटाएवढ्या जाडीच्या नळीने रक्त बाहेर येतं. मिनिटाला हजारो फेरे घेणारा पंप ते ऑक्सिजनेटरमध्ये ढकलतो. तिथे केसासारख्या बारीक पोकळ तंतूंच्या आतून वायू वाहतो आणि बाहेरून रक्त. ऑक्सिजन रक्तात शिरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून यंत्राकडे जाणारी नळी काळपट लाल दिसते आणि शरीराकडे परत येणारी लालभडक. दोन्ही नळ्या सारख्याच दिसू लागल्या, की काहीतरी बिनसलंय हे डोळ्यांनाच कळतं. यंत्र सांभाळणारा परफ्युजनिस्ट हातात टॉर्च घेऊन ऑक्सिजनेटरवर कुठे गुठळी धरतेय का ते बघत राहतो. नळी थडथडायला लागली, तर शरीरात रक्त किंवा पाणी कमी पडलंय का, हे आधी तपासतात. वीज गेली, बॅटरीही संपली, तर पंप हाताने फिरवायचा दांडा जवळच असतो.

फक्त फुप्फुसं निकामी असतील तर शुद्ध झालेलं रक्त शिरेतच परत सोडतात. हृदय आपलं काम करतच असतं. हृदयच थकलं असेल तर ते धमनीत सोडावं लागतं, आणि खरी कसरत तिथे सुरू होते. मांडीतून उलट वर चढणारं रक्त आधीच दमलेल्या हृदयाच्या विरुद्ध दाब देतं. डावा कप्पा फुगतो, फुप्फुसांत पाणी साठतं. ज्याला आधार द्यायचा त्याच्यावरच ओझं. शिवाय फुप्फुसं खराब असून हृदय थोडं सावरलं, तर कमरेखाली लालभडक रक्त आणि मेंदूकडे मात्र कमी ऑक्सिजनचं, अशी विचित्र वाटणी होते. म्हणून बोटाचा ऑक्सिमीटर उजव्याच हाताला लावतात. नळीने पायाची धमनी अडवू नये म्हणून पायाकडे आणखी एक बारीक नळी जाते. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, आणि हेपॅरिनमुळे रक्तस्रावाची धास्ती.

हे यंत्र नव्हतं, तेव्हाची गोष्ट. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मानवी हृदयाचं प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासांतच दगावला. शस्त्रक्रियेपुरतं चालणारं हार्ट-लंग मशीन तेव्हा होतं. जॉन गिबन यांनी ते १९५३ मध्येच वापरलं होतं. पण नवं हृदय रुळेपर्यंत दिवसचे दिवस साथ देणारं काही नव्हतं. मोठ्या माणसाला असा दीर्घ आधार देऊन वाचवल्याची पहिली नोंद १९७१ ची, अमेरिकेतल्या डॉ. डोनाल्ड हिल यांची. अपघातातल्या त्या तरुणाला यंत्रावर ७५ तास ठेवलं होतं. मुंबईत यशस्वी हृदयप्रत्यारोपण व्हायला मात्र ऑगस्ट २०१५ उजाडला. हृदय पुण्याहून विमानाने आलं आणि मुलुंडच्या फोर्टिसमध्ये डॉ. अन्वय मुळे यांनी ते बसवलं. नागपुरात न्यू एरा हॉस्पिटलमध्ये २०१९ साली हृदय बसवलं गेलं.

प्रत्यारोपणात एक्मोला तीन वेळा हाक मारतात. अवयव मिळेपर्यंत तग धरायला, फुप्फुसं बदलताना टेबलावर, आणि नवा अवयव पहिल्या दोन-तीन दिवसांत रुसून बसला तर. टेबलावरचा वापर व्हिएन्नाच्या शल्यचिकित्सकांनी रुळवला. तिसरा प्रसंग सगळ्यांत समाधानाचा म्हणायला हवा. नवं हृदय मुळात चांगलं असतं, फक्त प्रवासाने शिणलेलं; आठवडाभरात ते सावरण्याची शक्यता असते.

पहिला प्रसंग मात्र जीवघेणा. जून २०२० मध्ये शिकागोत डॉ. अंकित भरत यांनी कोविडने फुप्फुसं गेलेल्या एका तरुणीवर प्रत्यारोपण केलं, तेव्हा ती जवळपास सहा आठवडे अशाच यंत्रावर होती. काही केंद्रांत असे रुग्ण शुद्धीवर ठेवतात, गळ्यातल्या नळीसकट चालवतातही, कारण स्नायू गळून गेलेल्या माणसाला नवी फुप्फुसं पेलत नाहीत. पण अमेरिकेत अशा रुग्णाला यादीत वर घेतलं, तर द्यायला अवयवही असतात. आपल्याकडे अडतं ते इथेच. विदर्भातल्या अवयवांचं वाटप नागपूरच्या विभागीय समन्वय केंद्रामार्फत होतं, आणि यंत्र कितीही उत्तम चाललं तरी दाता कधी मिळेल हे कुणी सांगू शकत नाही. खर्चाचं बोलणं तर लाखांतच होतं. माझ्या मते नळ्या घालण्याआधीच घरच्यांशी हे स्वच्छ बोललं पाहिजे: हा रुग्ण प्रत्यारोपणाला योग्य आहे का, आणि नसेल तर हे यंत्र थांबवायचं कधी?

कधी कधी एक्मोवरचाच रुग्ण दाता ठरतो. मेंदूमृत्यू ठरवण्यासाठी आपल्या कायद्याने चार डॉक्टर लागतात, आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. त्यात व्हेंटिलेटर काढून श्वास आपोआप सुरू होतो का, ते पाहतात. पण इथे कार्बन डायऑक्साइड यंत्रच काढून टाकत असतं, त्यामुळे श्वासाची गरज मेंदूपर्यंत पोचतच नाही. म्हणून ऑक्सिजनेटरमधून वाहणारा वायू अगदी कमी करतात, ऑक्सिजन टिकवून कार्बन डायऑक्साइड चढू देतात, आणि मग छातीकडे बघत थांबतात. दोन्ही वेळा छाती हलली नाही, तर प्रत्यारोपण समन्वयक नातेवाइकांशी बोलायला बाहेर येतात. होकार मिळाला तर अवयव काढेपर्यंत पंप चालूच ठेवतात.