बागेतलं खत, टाकीतला रस
इडलीचं पीठ फुगलं नाही की आपण थंडीला दोष देतो. वायनरीत द्राक्षाचा रस नीट आंबला नाही, तर कारण कधी कधी थेट बागेत सापडतं. रसातली साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल बनवतं; पण वाढायला त्याला नायट्रोजन लागतो. लिटरभर रसात वापरता येण्याजोगा नायट्रोजन साधारण 140 मिलिग्रॅमहून कमी असला, तर आंबणं रेंगाळतं, मध्येच थांबतं. उपाशी यीस्टमुळे कुजक्या अंड्यासारखा वासही सुटतो! मग टाकीत डीएपी घालतात. हो, शेतातलंच, फक्त खाण्यायोग्य प्रतीचं. म्हणून बागेत युरिया ओतायचा? मुळीच नाही. वेल नुसती पानांनी माजते, घड सावलीत राहतात, बुरशी धरते. जाणते बागायतदार आधी पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासून घेतात, मगच खताची गोणी फोडतात.