दुसरी किल्ली घरी असू द्या

आपल्या बेटावरील अनेक मराठी घरांतील मुले-मुली उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जातात. निघताना आपण लोणचे, गरम कपडे, देवाची तसबीर सारे आठवणीने बांधून देतो. त्या यादीत आणखी एक गोष्ट असावी, असे आम्ही पालकांना आग्रहाने सुचवतो.

पूर्वी तेथे राहण्याच्या परवान्याचे कार्ड मिळे. 2024 च्या अखेरीस त्या कार्डांचा काळ संपला. आता परवाना ई-व्हिसाच्या रूपाने सरकारच्या ऑनलाइन खात्यात असतो. नोकरी धरताना किंवा भाड्याची खोली घेताना त्याच खात्यातून शेअर कोड काढून द्यावा लागतो. खाते उघडताना मात्र फोनवर किंवा ईमेलवर आलेला गुप्त अंक हवा. फोन गेला आणि ईमेलही त्याच फोनवाचून उघडेना, तर परवाना असूनही तो दाखवता येत नाही. लंडनमध्ये 2024 या एका वर्षात सुमारे 80,000 फोन चोरीस गेले, हे लक्षात घ्यावे.

करार पुरा केलेल्या आपल्या पूर्वजांना 1867 च्या कायद्याने छायाचित्र लावलेले तिकीट सतत जवळ बाळगावे लागे. ते जवळ नसले, तर भटक्या ठरून तुरुंगात जाण्याची पाळी येऊ शके. आज तसा जुलूम नाही. पण आपली ओळख एकाच वस्तूत अडकवून ठेवणे आजही धोक्याचेच आहे.

मग करावे काय? सर्वांत आधी ईमेल सांभाळावी, कारण बाकीची बहुतेक खाती तिच्याच आधारे परत मिळतात. गूगलच्या खात्यातून 10 बॅकअप कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून एक प्रत सामानात, पाकिटापासून वेगळी ठेवावी आणि दुसरी बंद लिफाफ्यात घरी आईवडिलांजवळ असावी. त्या कागदावर पासवर्ड लिहू नये. इंग्लंडचा नवा नंबर मिळताच तो सरकारी खात्यात नोंदवावा. त्यानंतरच मॉरिशसचे सिम बंद करावे.

फोन गेल्यावर घरचा नंबर तोंडपाठ हवा! आणि कोणी फोन करून लिफाफ्यातील कोड मागितला, तर आईवडिलांनी आधी घरच्यांनाच ठाऊक असलेला प्रश्न विचारावा. तो प्रश्न निघण्यापूर्वीच ठरवावा.

चोरी झाल्यास मित्राच्या संगणकावरून फोनला कुलूप लावावे. ॲपलच्या 'फाइंड माय' पानावर त्यासाठी पासवर्ड पुरतो, दुसरा कोड लागत नाही. लगेच सिम बंद करवावे. तेथील बहुतेक मोठ्या बँकांशी 159 या क्रमांकावरून संपर्क होतो. चोर निघून गेला असेल, तर पोलिसांना 101 वर कळवावे. पासपोर्टही गेला असल्यास लंडनच्या एल्व्हास्टन प्लेसमधील आपल्या उच्चायुक्तालयात जावे.

शेवटी घरच्या घरी एक परीक्षा घ्यावी. प्रवासाच्या आठवडाभर आधी मुलाचा फोन बंद करून कपाटात ठेवावा आणि दुसऱ्या संगणकावरून केवळ त्या कागदाच्या आधारे ईमेल उघडून दाखवण्यास सांगावे. उघडली, तर खुशाल निरोप द्यावा. न उघडली, तर दुरुस्तीला अजून आठवडा आहे आणि मूलही अजून आपल्याजवळच आहे.