चिनी शाळा, मराठी घर

अमेरिकेतील युटा राज्याने २००८ साली कायदा करून सरकारी शाळांतील परभाषा-माध्यमाच्या वर्गांना निधी दिला. त्या भाषांत चिनीही होती. पहिलीतले मूल अर्धा दिवस चिनीतून आणि अर्धा दिवस इंग्रजीतून शिकते. सुरुवातीच्या इयत्तांत गणितही चिनीतूनच असते. व्यापार वा नोकरीनिमित्त अशा गावी स्थिरावलेले मराठी कुटुंब मुलाला या वर्गात घालते, तेव्हा त्याच्या वहीतले एक अक्षरही आईवडिलांना वाचता येत नाही. सुशिक्षित पालकाला हे जरा बोचतेच.

परंतु पेढीचा मालक प्रत्येक नोंद स्वहस्ते करीत नाही. आजचा रोजमेळ लिहिला गेला की नाही, एवढे मात्र तो रोज पाहतो. चिनी अक्षरांच्या रेघांना ठरलेला क्रम असतो आणि सरावपुस्तकांत तो बहुधा आकड्यांनी दाखवलेला असतो. अर्थ न कळताही पालकाला तो ताडून पाहता येतो. धुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या घराला हे काम नवे नाही.

उच्चारांच्या बाबतीत तर मराठी कान पुष्कळ उपयोगी पडतो. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची ‘पिनयिन’ पद्धती चीनने १९५८ साली स्वीकारली. ती इंग्रजीप्रमाणे वाचली की घोटाळा होतो. तिच्यातील ‘बी’ हा आपला ‘प’, ‘डी’ हा ‘त’ आणि ‘झेड’ हा ‘चाक’ या शब्दातील ‘च’ होय. ‘पी’ आणि ‘टी’ या अक्षरांचे उच्चार महाप्राण असतात. अल्पप्राण-महाप्राणांचा जो भेद इंग्रजीभाषक पालकाला कष्टाने ऐकू येतो, तो मराठी माणसाला बालपणापासून अवगत आहे. चढ-उताराच्या चार सुरांचे मात्र तसे नाही. एकच ‘मा’ सुरानुसार आई, ताग, घोडा किंवा रागावणे होतो. तेथे मुलालाच गुरू करावे आणि आपल्या चुकांवर त्याला मनसोक्त हसू द्यावे. पाहुण्यांसमोर ‘चिनीत काहीतरी बोलून दाखव’ हा आग्रह मात्र धरू नये; मुले त्याने अवघडतात.

खरा पेच मराठीचा आहे. दोन भाषांचे ओझे असताना तिसरी कशाला, असे हितचिंतक सुचवतात. हा सल्ला ऐकणे म्हणजे मूळ भांडवल मोडून नवा धंदा उभारणे होय. समजलेली गोष्ट एका भाषेतून दुसरीत सहज जाते. चिनीत बेचाळीस म्हणजे ‘चार-दहा-दोन’ आणि एकोणपन्नास म्हणजे ‘चार-दहा-नऊ’. वडिलांनी ‘सात सक?’ विचारावे आणि मुलाने आधी चिनीत, मग मराठीत उत्तर द्यावे. ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे त्या निमित्ताने त्याच्या पक्के ध्यानात येते. आजीच्या गोष्टी आणि जेवतानाच्या गप्पा मराठीतच राहू द्याव्यात. शाळेने दिलेल्या भाषांत आजीशी कोण बोलणार?

पुढे अक्षरांची संख्या वाढते आणि एखादे दिवशी मूल वही भिरकावते. त्याच आठवड्यात शाळा बदलण्याचा निर्णय घेऊ नये. आधी चिनी शिक्षकांना भेटून नेमके विचारावे: ऐकलेले कळत नाही, वाचता येत नाही, की केवळ लिहिण्याचा कंटाळा आहे? लिहिण्याचाच कंटाळा असेल तर रोजचा सराव दहा मिनिटांवर आणता येईल का, हेही त्यांनाच विचारावे.