अजिंठ्याची भिंत आणि शिकाऊ चित्रकार

दलित साहित्याच्या चळवळीने मराठीला कविता दिली, आत्मकथन दिले, कथा आणि नाटक दिले. त्यावर परिसंवाद झाले, प्रबंध झाले. परंतु आपल्या वस्तीतला मुलगा किंवा मुलगी चित्र काढायला कशी शिकते, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. आपल्यात चित्रकार झालेच नाहीत असे नव्हे. नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्याचे आणि देवदासीचे जिणे चित्रात आणले. तरीही कवींच्या मानाने चित्रकार थोडे, हे नाकारता येत नाही.

याचे कारण प्रतिभेत शोधू नये. कवितेला वहीचा कोरा कागद पुरतो आणि शब्द आईच्या तोंडून फुकट मिळतात. चित्राला मात्र कागद, रंग आणि ब्रश विकत घ्यावे लागतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चित्र काढायला शिकणाऱ्याने चित्रे पाहिलेली असावी लागतात. ज्याने कविता ऐकलीच नाही तो कविता लिहीत नाही, तसेच हे आहे. आता आपल्या मुलांनी चित्रे पाहायची कुठे? घरात एक कॅलेंडर, शाळेच्या भिंतीवर रंगवलेले नेते, चौकातले फलक, एवढाच त्यांचा संग्रह. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र काढावे लागते. ज्याच्या घरी रंगपेटी नाही तो त्या दिवशी शेजाऱ्याचा ब्रश मागत बसतो. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे आणि तिथे शिरायला पैसे पडत नाहीत. पण पैसे पडत नाहीत हे ठाऊक असूनही त्या दाराशी पाय अडखळतो. आत गेल्यावर किती वेळ उभे राहायचे, कुणी हटकले तर काय सांगायचे, हे न कळणाऱ्या माणसाला फुकट दारही उघडे वाटत नाही.

मला सांगायचे आहे ते असे की आपल्या जिल्ह्यात चित्रांचे एक फार मोठे दालन आहे, आणि भारतातल्या किती तरी चित्रकारांनी तिथे शिकाऊ म्हणून हजेरी लावली आहे. ते दालन म्हणजे अजिंठा. सहलीला जाऊन तासाभरात परतणारे आपण, त्या भिंतींसमोर वर्षानुवर्षे बसलेल्यांची गोष्ट विसरतो.

१८१९ साली इंग्रज लष्करी अधिकारी जॉन स्मिथ याने ही लेणी बाहेरच्या जगाला दाखवली. (गावकऱ्यांना ती आधीही ठाऊक होती, 'शोध' हा शब्द आपण सांभाळूनच वापरावा.) १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल या चित्रांच्या नकला करीत राहिला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. चित्रे गेली, पण ती काढताना हातात आलेले वळण जळत नाही. अजिंठ्याची नक्कल करणे हेच त्या विद्यार्थ्यांचे शिक्षण होते. १९०९ ते १९११ या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅमबरोबर बंगालहून काही तरुण आले. त्यांत नंदलाल बोस होते. याच नंदलालांनी पुढे आपल्या सहकाऱ्यांसह भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत चित्रांनी सजवली आणि त्या पानांत बुद्धाच्या जीवनातला प्रसंगही आहे. संविधानाच्या कागदावरची रेषा आपल्या डोंगरातल्या भिंतीसमोर घोटली गेली होती, हे आपल्या विद्यार्थ्यांना वर्गात सांगायला हवे.

आता ही भिंत कशी तयार झाली ते पाहू. कारण इथे आपल्याला परके वाटावे असे काही नाही. कातळ खोदून झाल्यावर छिन्नीचे घाव तसेच खरबरीत ठेवले, म्हणजे गिलावा धरून राहतो. त्यावर मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून लिंपण केले. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले, आणि त्यात आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील अभ्यासकाचा वाटा होता. मातीत भुसा कालवून भिंत लिंपणे आणि वर पांढऱ्या मातीचा हात देणे, हे काम आपल्या आया-आज्यांनी जन्मभर केले. त्याला कुणी कला म्हटले नाही, एवढाच फरक. रंगही बहुतेक मातीचेच: लाल काव, पिवळी माती, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना, काळ्यासाठी काजळी. फक्त निळा लाजवर्द दगडाचा आणि तो दूर अफगाणिस्तानच्या बाजूने व्यापारी मार्गाने येई. रंग सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून कोरड्या भिंतीवर लावत. ओल्या चुन्यावर रंगवण्याची युरोपीय रीत इथे नाही.

काम रेषेपासून सुरू होई. आधी लाल रेषेने आकार, मग रंग भरणे, आणि शेवटी पुन्हा गडद रेषा. शिकणाऱ्याने ध्यानात घ्यावे ते हेच. आपण छायाप्रकाशाने नाक उचलायच्या मागे लागतो. तिथल्या चित्रकाराने एकाच रेषेचा दाब कमीजास्त करून बोटाचे हाड, तळव्याचे मांस आणि मनगटाची वळणे दाखवली. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा चेहरा सगळे पाहतात. मी विद्यार्थ्यांना त्याचा कमळ धरलेला हात पाहायला सांगतो. माझ्या वर्गातला एक मुलगा जयंतीचे फलक रंगवतो. छापील फोटोवर चौकटी आखून तो चेहरे मोठे करतो आणि हात फार सफाईचा आहे. त्या हातासमोर तो अर्धा तास उभा राहिला आणि बाहेर येऊन झाडाखाली त्याने वहीत अकरा हात काढले. एकही नीट आला नाही, पण त्यातला एकही चौकटीतून उतरवलेला नव्हता. आत उजेड मंद असतो, गर्दी असते, म्हणून पाहायचे आत आणि काढायचे बाहेर. परीक्षेतले स्मरणचित्र ते हेच.

त्याच लेण्यात गडद, काळसर वर्णाची एक राजस्त्री रंगवलेली आहे, दागिने ल्यालेली, डौलदार. आपल्या कॅलेंडरांत सौंदर्य नेहमी गोरे असते आणि काळा रंग राक्षसाला देतात. त्या मुलीसमोर उभे राहिल्यावर काळ्या रंगात उजेड कसा ठेवायचा हा प्रश्न पडतो आणि तो चित्रकाराचा प्रश्न आहे. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक आहे. राजपुत्र नगर सोडून निघतो ती वाट बाजारपेठेतून जाते, दुकानदारांसकट. राजाच्या गोष्टीत कष्टकरी माणूस कुठे उभा केला आहे, ते शोधत हिंडावे.

शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिले, हे वाचता येते. रंगवणाऱ्यांची ओळख मात्र भिंतीवरच्या हातांखेरीज आपल्यापाशी नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक 'सुतार का झोपडा' म्हणत आले, कारण त्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडात कोरल्या आहेत. पुस्तकांनी जे लिहिले नाही ते लोकांच्या तोंडी कसे राहते याचे हे उदाहरण.

पाहण्याचा हक्कही आपल्याला आपोआप मिळालेला नाही. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादला टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून सर्वांना शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो कुठल्याही पाण्याला न शिवण्याच्या अटीवर, सोबत शिपाई देऊन. त्याच बाबासाहेबांनी उतारवयात, एवढ्या कामाच्या ओझ्यातही, चित्रकलेचे धडे घेतले. हौशी चित्रकाराला याहून मोठा सोबती कोणता?

सुरुवात मात्र वेरूळपासून करावी, असे माझे मत. शहरापासून ते तीसेक किलोमीटरवर आहे, अजिंठा शंभरावर. शिवाय शिल्पावर उजेड-सावली स्पष्ट दिसते, आणि पेन्सिलीने काढणाऱ्याला तेच आधी लागते. एक ते बारा ही बौद्ध लेणी. बाराव्यात, तीन ताल म्हणतात तिथे, वरच्या मजल्यावर ओळीने बुद्ध बसलेले आहेत आणि एकच आकार पुन्हा पुन्हा काढायला तो उत्तम आहे. २बी पेन्सिल आणि पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही पुरते. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट पडत नाही. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी, तेव्हा शाळेची सहल ठरवताना वार पाहून ठरवावी.