संघांत कोणास घ्यावें?

राष्ट्रीय हॉकी संघांत सर्वांत कुशल खेळाडू घ्यावे, कीं आपापल्या जागेचें काम चोख करणारे घ्यावे, असा वाद आमच्या विद्यार्थ्यांत नेहमीं चालतो. अक्कलकोटच्या मैदानावर मुलें संघ पाडतात तेव्हांही प्रश्न हाच असतो. म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

कौशल्याची थोरवी कोण नाकारील? खडकीचे धनराज पिल्ले १९९२ पासून २००४ पर्यंत चार ऑलिंपिकांत खेळले, तें वेग व चेंडूवरील प्रभुत्व यांच्या बळावर. परंतु गेलेला चेंडू परत मिळवून आघाडीस पोंचविणारा कोणी तरी मागें लागतोच. २००४ च्या अथेन्स येथील संघांत असें काम करणाऱ्यांपैकीं मुंबईचे हाफबॅक विरेन रस्किन्हा हे एक होत. अशांच्या नांवावर गोल थोडे, आणि टाळ्याही थोड्याच.

१९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकपूर्वीं सरावाच्या सामन्यांत जर्मनीनें आपला ४-१ असा पराभव केला. ध्यानचंद व रूपसिंग संघांत असतांना हें घडलें! तेव्हां उजव्या आंतल्या जागेसाठीं अली दारा यांस हिंदुस्थानांतून तातडीनें बोलाविलें. ते येऊन मिळाले, आणि अंतिम सामना आपण ८-१ असा जिंकला. उणीव कीर्तीची नव्हती, एका जागेची होती.

२०२४ सालीं पॅरिस येथें ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदास यांस सतराव्या मिनिटास बाहेर जावें लागलें. उरलेल्या दहा जणांत मधल्या फळीचे मनप्रीत सिंग बचावास उतरले. बरोबरी टिकली व शूटआउटमध्यें विजय मिळाला. दोन जागा सांभाळणारा खेळाडू किती मोलाचा, हें त्या दिवशीं दिसलें.

सामना साठ मिनिटांचा, खेळाडू बावीस, आणि चेंडू एकच! अर्थात् बहुतेक वेळ प्रत्येकजण चेंडूवांचून असतो. तेवढ्या वेळांत तो काय करतो, हें निवडणाऱ्यानें पाहावें. चेंडूवर हात बसलेला नसेल त्यास मुळींच घेऊं नये; पण तो बसलेल्यांतून निवड करतांना जागेची गरज पाहावी, असें आमचें मत आहे.

पालकांसही एक विनंति: मुलगा सामन्याहून घरीं आला म्हणजे 'किती गोल केलेस?' एवढेंच विचारूं नका. 'तुझी जागा कशी राखलीस?' हेंही विचारा.