मनी प्लांटला अंधार आवडत नाही

चोरून आणलेला मनी प्लांटच फोफावतो, विकत आणलेला रुसतो, असं आपल्याकडे ठामपणे सांगितलं जातं. शेजारणीच्या बाल्कनीतून हळूच खुडलेल्या फांदीला या समजुतीने मोठंच अभय मिळालंय. वस्तुस्थिती अशी की हा वेल फुलावर येतच नाही म्हटलं तरी चालेल. फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं जनुक त्याच्यात नीट काम करत नाही, हे संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर त्यांच्याकडच्या वेलाला फुलं आली. फूल नाही म्हणजे बी नाही. त्यामुळे नर्सरीतला काय, सोसायटीच्या जिन्यातला काय, प्रत्येक मनी प्लांट कुठल्या तरी वेलाचा तुकडाच असतो. चोरीचा आणि पावतीचा, दोघांचं रक्त एकच.

खुडताना पाहायचं ते मात्र लोक पाहत नाहीत. पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो तिथे पेर असतं आणि त्याच्या आसपास तपकिरी, किंचित टणक फुगवटा. तीच पुढची मुळी. पेराच्या खाली बोटभर खोड ठेवून कापलं तर फांदी लागते. नुसतं देठासकट पान पाण्यात ठेवलं तर ते कित्येक आठवडे हिरवं दिसेल, कदाचित मुळंही धरेल, पण नवा कोंब येणार नाही. कोंबाचा डोळा पेरात असतो.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: ‘याला ऊन लागत नाही, कुठेही ठेवा.’ मनी प्लांट मूळचा दक्षिण प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाचा. तिथल्या जंगलात तो जमिनीवर सरपटत झाडाचं खोड गाठतो आणि वर चढतो, तो उजेडासाठीच. अंधाऱ्या कोपऱ्यात तो मरत नाही हे खरं, पण मरत नाही म्हणजे मजेत आहे असं नव्हे. दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, नवी पानं लहान येतात, पिवळे-पांढरे पट्टे फिके होऊन पान नुसतं हिरवं होतं. आपले डोळे इथे दगा देतात, कारण ते कमी उजेडाला चटकन सरावतात. भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशी मोकळ्यावर दहा हजारांच्या आसपास, आणि आपल्याला ‘चांगली उजेडाची’ वाटणाऱ्या हॉलच्या मधोमध अनेकदा दोनशे-तीनशेच. टीव्हीच्या कपाटावरून कुंडी उचलून खिडकीपासून हातभर अंतरावर आणली की महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसतो. दुपारचं रणरणतं ऊन थेट पानावर नको, पान करपतं. कोवळं ऊन चालतं. वास्तुवाले आग्नेय दिशा सांगतात. त्या बाजूला खिडकी असेल तर सकाळचा उजेड मिळतो आणि सल्ला योगायोगाने बरोबर ठरतो. भिंत असेल तर दिशेचा काही उपयोग नाही.

पाण्याचं उलटं आहे. मायेपोटी रोज तांब्याभर पाणी घालून जितके मनी प्लांट गेले, तितके विसरभोळेपणाने गेले नसतील. मुळांना हवा लागते. माती सतत चिकचिकीत राहिली की ती गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत. मग वेल तहानल्यासारखा माना टाकतो आणि आपण आणखी पाणी ओततो. ‘एक दिवसाआड घाला’ असं वेळापत्रकही कामाचं नाही: एप्रिलमध्ये पुण्यात दोन-तीन दिवसांत सुकणारी माती जुलैमध्ये मुंबईत आठवडाभर ओली राहू शकते. बोट मातीत दोन पेरं खुपसून पाहावं. कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावं आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकावं. तळाचं एखादं जुनं पान पिवळं पडलं तर घाबरायचं कारण नाही. चार-पाच एकदम पडली तर आधी माती तपासा. निचऱ्यासाठी तळाशी खडीचा थर देण्याची पद्धतही फारशी उपयोगी नाही, पाणी त्या थराच्या वर मातीतच अडून राहतं. भोक मोकळं आणि माती भुसभुशीत हवी. नुसती लाल माती घट्ट बसते, म्हणून तिच्यात कोकोपीट आणि शेणखत मिसळावं.

‘बाटलीत लावला की कटकट नाही’ हे अर्धसत्य. पाण्यात तो वर्षानुवर्षं राहतो, पण पाण्यात खत नाही, म्हणून वाढ रखडते. खरी कटकट डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरात आले की मनी प्लांटच्या बाटल्या बघतात ते याचसाठी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय अंडी पाण्याच्या रेषेजवळ काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी नुसतं बदलायचं नाही, बाटली आतून ब्रशने घासायची. आळस असेल तर कुंडी बरी.

‘नासाने सांगितलंय, हवा शुद्ध करतो.’ नासाचा १९८९ चा अभ्यास खरा आहे, पण तो हवाबंद पेटीत केलेला होता. आपल्या घराला दारं-खिडक्या असतात. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे तपासले तेव्हा दिसलं की इमारतीत हवा एरवी जेवढी खेळते तेवढं काम झाडांकडून हवं असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. दहा बाय दहाच्या खोलीत कमीत कमी धरलं तरी नव्वदच्या वर कुंड्या. खिडकी उघडणं स्वस्त पडतं. आणि रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतो म्हणून त्याला झोपायच्या खोलीतून हाकलणाऱ्यांनी शेजारी झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट सोडतो हे लक्षात घ्यावं.

कोकणात नारळावर चढलेल्या मनी प्लांटची सुपाएवढी, कातरलेली पानं पाहून अनेकांना ती वेगळी जात वाटते. जात तीच. वर चढायला मिळालं की पानं मोठी होत जातात, खाली लोंबता ठेवला की लहान. घरात काथ्या गुंडाळलेली काठी लावून ती ओलसर ठेवली तर निदान तळहाताहून मोठी पानं मिळतात. पानं चमकावीत म्हणून दूध किंवा खोबरेल चोळू नये, त्यावर धूळ जास्त बसते; ओलं फडकं पुरे.

तो विषारी आहे का? तो अळू-सुरणाच्या कुळातला. कच्च्या अळूने घसा खाजतो, म्हणून आपण चिंच घालतो. त्यामागे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि तेच मनी प्लांटच्या पानातही असतात. पान चावल्याने सहसा जीव जात नाही, पण तोंड आणि जीभ भाजल्यासारखी होते, सूजही येते. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर वेल त्यांच्या तोंडाच्या उंचीवर लोंबकळत ठेवू नका, आणि छाटणी करताना चीक हाताला लागला तर डोळे चोळण्याआधी हात साबणाने धुवा.